दहा मिनिटांची पैज

१९८० ते १९९० या दशकाच्या उत्तरार्धात इटलीतील फ्रांचेस्को चिरिल्लो हा विद्यार्थी विद्यापीठातील पहिल्या परीक्षांनंतर पार खचला होता. वर्गात जाई, पुस्तक उघडी. पण चित्त ठरत नसे. अखेर त्याने स्वतःशीच पैज लावली : १० मिनिटे तरी खरा अभ्यास होईल काय? साक्षीला स्वयंपाकघरातले, टोमॅटोच्या आकाराचे, वेळ लावून ठेवावयाचे घड्याळ घेतले. पैज पहिल्या खेपेस काही जिंकली नाही, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे! पुढे २५ मिनिटे अभ्यास, ५ मिनिटे विसावा आणि अशा ४ फेऱ्यांनंतर दीर्घ विश्रांती, हा क्रम बसला. टोमॅटोला इटालियनमध्ये ‘पोमोदोरो’ म्हणतात. पद्धतीचेही नाव तेच. मध्येच दुसरे काम आठवले, तर ते कागदावर टिपावयाचे आणि घड्याळ वाजेपर्यंत पुस्तकाकडे परतावयाचे.