स्वस्त खोलीचा हिशेब



जपानवर व्याख्यान म्हटले की फुजी पर्वत, चेरीचा बहर आणि भरधाव आगगाडी यांचे वर्णन आपण अपेक्षिले असेल. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारे पुष्कळ आहेत. आमचा अधिकार लहान आहे. हॉटेल-कामगारांत संघटनेचे काम करण्यात आमची पंचवीस वर्षे गेली. शाळा सातवीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयात. त्यामुळे अलीकडे दोन सहकाऱ्यांसह टोकियो आणि ओसाका येथे काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा आमचे लक्ष देवळांपेक्षा आम्ही उतरलो त्या खोल्यांकडेच अधिक गेले. आज त्या स्वस्त खोल्यांचाच हिशेब आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कंपनीच्या कामासाठी गावोगाव हिंडणाऱ्या नोकरदाराने रात्री येऊन झोपावे आणि सकाळी कामाला लागावे, एवढ्यासाठी जी हॉटेले तेथे निघाली त्यांना जपानी लोक ‘बिझिनेस होटेल’ म्हणतात. एकट्या माणसाची खोली बहुधा १० ते १३ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे ११० ते १४० चौरस फुटांची असते. मुंबईच्या बी. डी. डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या खोलीत अख्खे कुटुंब राही आणि संडास मजल्याला सामाईक असे. इथे त्याहून लहान जागेत पलंग, भिंतीला लागून लिहिण्याची फळी, पाणी तापवायची विजेची किटली, हिरव्या चहाच्या पुड्या, सपाता, धुतलेला झोपेचा अंगरखा आणि स्नानगृहसुद्धा आहे. दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत. माणूस बाहेर पडला की वीज आपोआप बंद. आमच्या एका सहकाऱ्याला बॅग उघडायची तर ती पलंगावरच ठेवावी लागे, आणि झोपायचे तर ती उचलून दारात ठेवावी लागे. पहिल्या रात्री ते कुरकुरले. तिसऱ्या रात्री म्हणाले, “अण्णा, खोली लहान आहे खरी, पण यात अडचण म्हणून काही नाही.” आम्हांस त्यांचे म्हणणे पटले.

हे साधले कसे? १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने भरले. त्याआधी न्यू ओतानी नावाचे हजाराहून अधिक खोल्यांचे मोठे हॉटेल घाईने उभे करावयाचे होते. प्रत्येक खोलीत गवंडी आणि नळकारागीर बसवून स्नानगृह बांधीत राहिले असते तर सामने संपून गेले असते. तेव्हा स्नानगृहेच कारखान्यात तयार करून इमारतीत आणून बसविण्याची युक्ती निघाली. तिलाच आज ‘युनिट बाथ’ म्हणतात. श्रीमंतांच्या हॉटेलासाठी निघालेली ही युक्ती पुढे गरिबांच्या खोलीत शिरली. टब, तोंड धुण्याचे भांडे आणि संडास सारे एका पेटीत. सांधे कमी, म्हणून गळती कमी आणि साफ करायलाही सोपे. इथला स्वस्तपणा विचारातून आलेला आहे, कोणाच्या पोटाला चिमटा काढून नव्हे. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे तो आपल्या कामी येणार आहे.

पाहुण्याला तेथे नियम मात्र पाळावे लागतात. बहुतेक ठिकाणी दुपारी ३ च्या आत खोली मिळत नाही आणि सकाळी १० किंवा ११ ला ती सोडावी लागते. सामान मात्र ते आधी व नंतरही सांभाळून ठेवतात. भाडे खोलीचे नव्हे, तर पुष्कळदा माणशी असते. न्याहारीला भात, लोणचे आणि मिसोचे सूप मिळते. परंतु त्या सुपात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे. २०२२ च्या एप्रिलपासून प्लॅस्टिकविषयीचा कायदा लागू झाल्यामुळे दात घासण्याचा ब्रश पुष्कळ ठिकाणी खोलीत न ठेवता खालच्या दालनात ठेवतात. ज्याला हवा त्याने उचलावा.

एक गोष्ट आमच्या मनाला फार लागली. दुसऱ्या दिवशी निघताना सहकाऱ्याने खोली साफ करणाऱ्या बाईंसाठी टेबलावर काही नाणी ठेवली. संध्याकाळी येऊन पाहतात तो खोली लख्ख, आणि नाणी नीट एकावर एक रचून जिथल्या तिथे! त्या देशात बक्षिसी देण्याघेण्याची रीत नाही. आपल्याकडे वेटरला पगार कमी का, असे विचारले तर मालक म्हणतो, “त्याला वरकमाई असते की!” म्हणजे मजुरी द्यावयाची मालकाने आणि ती भरून काढावयाची गिऱ्हाइकाने, तीही त्याची मर्जी असेल तर. बक्षिसी नाकारणाऱ्या हाताला ताठ राहता येते. मात्र त्यासाठी त्या हाताला पुरेशी मजुरी मिळावयास हवी.

ती मिळते काय? येथे हिशेबाची दुसरी बाजू सुरू होते. २०२४ साली जपानचे सरासरी किमान वेतन ताशी १०५५ येन ठरले. आठ तासांचे झाले ८४४० येन. मोठ्या शहरात साध्या हॉटेलातल्या एका रात्रीचे भाडे पुष्कळदा या आकड्याइतके किंवा त्याहून अधिक असते, गर्दीच्या दिवसांत ते आणखी चढते. म्हणजे ती खोली झाडणारी बाई दिवसभर राबली, तर कशीबशी त्याच खोलीत एक रात्र झोपू शकेल! शिवाय साफसफाई ही १० ते ३ या मोजक्या तासांतच उरकावयाची, म्हणून हे काम पुष्कळदा अर्धवेळ आणि बाहेरच्या कंत्राटदाराकडे असते. त्या देशातल्या दर शंभर नोकरदारांपैकी सुमारे ३७ जण कायम नोकरीत नाहीत, आणि त्यांत स्त्रिया अधिक आहेत. २०२४ साली ३ कोटी ६८ लाखांवर परदेशी पाहुणे तेथे आले. हात कमी पडतात म्हणून २०१९ पासून हॉटेलकामासाठी परदेशी कामगारांना खास परवाने मिळू लागले आहेत. मात्र १९८६ साली टोकियोच्या कामाता भागात निघालेल्या तोयोको इन या स्वस्त हॉटेलांच्या साखळीत बहुतेक व्यवस्थापक स्त्रियाच आहेत, हेही सांगितले पाहिजे.

आता याहून खालची पायरी पाहू. १९७९ साली ओसाकात पहिले कॅप्सूल हॉटेल निघाले; किशो कुरोकावा या वास्तुकाराने त्याची रचना केली. सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद व उंच अशा पेट्या एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येकीत एक माणूस! कचेरीत उशीर झाला, शेवटची गाडी चुकली, की नोकरदार तिथे जाऊन आडवा होई. परदेशी प्रवाशाला त्याची गंमत वाटते. आम्हांस मात्र प्रश्न पडला, माणसाला कामावरून सुटायला इतका उशीर व्हावाच का? अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला ज्या भाषेत ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे, तिथे हा प्रश्न गमतीचा नाही. जादा तासांवर कायद्याची पक्की मर्यादा तेथे २०१९ साली आली.

अगदी तळाला ‘दोया’. मुक्कामाच्या जागेला जपानी भाषेत ‘यादो’ म्हणतात. रोजंदारीच्या मजुरांनी तो शब्दच उलटा केला. जी जागा मुक्काम म्हणण्याच्याही लायकीची नाही ती दोया! टोकियोचा सान्या आणि ओसाकाचा कामागासाकी हे असे भाग. तीन चटयांची, म्हणजे जेमतेम ५० चौरस फुटांची खोली आणि पहाटे मुकादमाची वाट. ज्यांनी रस्ते, पूल आणि १९७० च्या ओसाका प्रदर्शनाच्या इमारती उभ्या केल्या, ते असे राहत. १९६१ च्या ऑगस्टमध्ये मोटारीखाली सापडलेल्या एका मजुराला पोलिसांनी दिलेल्या वागणुकीवरून कामागासाकीत मोठा दंगा उसळला. आज ते मजूर म्हातारे झाले. कित्येक दोयांवर रंग चढवून प्रवाशांसाठी स्वस्त हॉटेले झाली आहेत. आम्ही अशाच एका ठिकाणी दोन रात्री राहिलो. खोली स्वच्छ होती. परंतु बाहेरच्या बाकावर हातगाडीशेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ पाहिले, आणि ही स्वस्ताई कोणाच्या जागेवर उभी आहे हे कोणी सांगावे लागले नाही. २००८ च्या अखेरीस मंदीत कंत्राटी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि नोकरीबरोबर कंपनीची खोलीही गेली. तेव्हा टोकियोच्या हिबिया बागेत तंबू ठोकून त्यांची सोय करावी लागली होती.

श्रोतेहो, जपानी कामगार संघटना १९५५ पासून दर वसंतात एकत्र येऊन वेतनवाढ मागतात. त्या चळवळीला ते ‘शुंतो’, म्हणजे वसंत-लढा, म्हणतात. वसंतात आपण व्याख्याने ऐकतो, ते पगार मागतात. परंतु त्या लढ्याचा लाभ प्रामुख्याने मोठ्या कंपन्यांतल्या कायम कामगारांना झाला. खोली झाडणारी बाई आणि दोयातला मजूर पुष्कळसे बाहेरच राहिले. हा दोष आमच्या देशातल्या संघटनांतही आहे, म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा आम्हांस हक्क नाही.

तेव्हा जपानकडून घ्यावयाचे काय? गरिबाची खोली घाणेरडीच असायची, हे आपण धरून चाललो आहोत. ते खोटे आहे. शंभर-सव्वाशे फुटांत स्वच्छता, एकांत आणि गरम पाणी देता येते. एस. टी. स्टँडजवळच्या आपल्या लॉजमध्ये हे का नसावे? त्याला डोके लागते. आणि टाळावयाचे काय, तर माणसाचे तास कापून आणलेला स्वस्तपणा. पुढच्या वेळी आपण कोठे उतराल, तेव्हा दर जरूर विचारा; पण चादर बदलणाऱ्याला महिन्याला काय मिळते, हेही विचारून पाहा. गिऱ्हाईक विचारू लागले, तर मालकाला उत्तर शोधावे लागेल.