सहीआधी आवाजाचं कलम वाच, भिडू!

लोकलच्या दारात उभे राहून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग ऐका.

आजचा विषय आवाज. गाणं नाही, संवाद नाही, नुसता आवाज. तुम्ही फोनवर 'हॅलो' म्हणता आणि आईला लगेच कळतं की पोराचं काहीतरी बिनसलंय, तो आवाज. तो कुणाच्या मालकीचा? प्रश्न खुळ्यासारखा वाटेल. पण गेली दोन-तीन वर्षं आपली उच्च न्यायालयं याच प्रश्नाशी झटतायत.

सुरुवात 'झकास'पासून करू. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर दिल्ली उच्च न्यायालयात गेले. माझं नाव, चेहरा, आवाज आणि ती 'झकास' म्हणण्याची ढब परवानगीशिवाय विकली जातेय, हे थांबवा, अशी मागणी होती. न्यायालयाने अंतरिम मनाई दिली. मे २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ 'भिडू'साठी तिथेच गेले. (घाबरू नका, नाक्यावर मित्राला भिडू म्हणायला अजून बंदी नाही. मुद्दा धंद्यासाठी केलेल्या वापराचा आहे.)

मग विषय मुंबईत आला आणि खरा अवघड झाला. जुलै २०२४ मध्ये अरिजीत सिंग मुंबई उच्च न्यायालयात गेले. तक्रार कुणी त्यांचं गाणं चोरल्याची नव्हती. एआयच्या साधनांनी कुणाचाही आवाज अरिजीतच्या आवाजात बदलता येत होता. न्यायालयाने ते थांबवलं. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाने असंच संरक्षण दिलं.

इथे जरा थांबू या. चोरीला गेलेलं गाणं दाखवता येतं: हे मूळ, ही नक्कल. पण जे गाणं आशाताईंनी कधी गायलंच नाही, ते त्यांच्या आवाजात वाजतंय, तर चोरी नेमकी कशाची झाली?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात 'कलाकार' या शब्दाची व्याख्या मोठी मजेशीर आहे. नट, गायक, वादक, नर्तक तर आहेतच, पण डोंबारी, जादूगार आणि चक्क गारुडीही आहे. व्याख्यान देणारा माणूससुद्धा आहे, म्हणजे आत्ता तुमच्याशी बोलणारा मीही आलो. कलाकाराने सादर केलेल्या कलेवर त्याचा हक्क असतो आणि तो ५० वर्षं टिकतो. पण 'सादरीकरण' म्हणजे कलाकाराने स्वतः, प्रत्यक्ष केलेलं. यंत्राने तुमच्या आवाजात उच्चारलेलं नवीन वाक्य तुम्ही कुठे सादर केलंत? म्हणजे रेकॉर्डिंगला कुंपण आहे, आवाजाच्या पोताला नाही.

ही फट न्यायालयांनी व्यक्तिमत्त्वाच्या हक्काने बुजवली. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही. खासगीपणाचा अधिकार, पासिंग ऑफ, जुने निकाल असं जोडून जोडून ते उभं केलंय. वकील म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण या सगळ्या आदेशांच्या पायाशी एक गोष्ट आहे: प्रसिद्धी. नाव मोठं आहे, लोक ओळखतात, म्हणून त्याला बाजारात किंमत आहे, म्हणून संरक्षण.

आणि ज्याचा आवाज लाखोंनी ऐकलाय, पण नाव कुणालाच माहीत नाही, त्याचं काय?

माझा एक मित्र डबिंग करतो. दक्षिणेतले सिनेमे, कार्टून, मधूनमधून ऑडिओबुक. गेल्या महिन्यात तो एक करार घेऊन आला. सहा पानं, इंग्रजीत. रेकॉर्डिंग जगभर, कायमचं, आज माहीत असलेल्या किंवा पुढे शोधल्या जाणाऱ्या कुठल्याही माध्यमात वापरता येईल, हे नेहमीचं होतंच. त्याखाली एक नवी ओळ होती: व्हॉइस मॉडेल तयार करण्यासाठीही. मानधन तेच, एका दिवसाचं. म्हणजे एक दिवस बोलायचं, आणि पुढचं आयुष्यभर त्याच्या जागी त्याचाच आवाज कामाला जाणार, त्याच्याशिवाय. तो म्हणाला, "सही नाही केली तर दुसरा करेल रे." खरंय. माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, पण कायदा होता.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये एक तरतूद घातली. करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची पद्धत अस्तित्वातच नव्हती, किंवा व्यवहारात नव्हती, तिच्यासाठी हक्क दिले असं धरता येत नाही. करारात तिचा स्पष्ट उल्लेख हवा. आणि कलम ३९अ मुळे ही तरतूद कलाकारांच्या हक्कांनाही लागू होते. म्हणजे २०१५ मध्ये ऑडिओबुकसाठी सही केली असेल, तर त्या सहीच्या जोरावर आज कुणी तुमच्या रेकॉर्डिंगवरून क्लोन बनवू शकत नाही, असं निदान मी तरी ठामपणे मांडेन. 'पुढे शोधल्या जाणाऱ्या' हा मोघम शब्दप्रयोग स्पष्ट उल्लेख ठरत नाही, असंही माझं मत आहे. समोरचा वकील अर्थातच उलट म्हणेल.

पण नव्या करारातली ती एक ओळ? तिथे उल्लेख स्पष्ट आहे. म्हणून खरी लढाई त्या ओळीवर आहे. तीच खोडायला सांगा. नाहीच खोडली, तर मुदत लिहून घ्या, वापर कोणता ते लिहून घ्या, वेगळे पैसे लिहून घ्या. कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर ते 'कायमचं, जगभर' इतक्या आठवणीने लिहितात.

आणखी एक, डबिंगवाल्यांनी कान देऊन ऐका. सिनेमातलं काम किरकोळ स्वरूपाचं असेल आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे त्याचं श्रेय कुठेच दिलं जात नसेल, तर बहुतेक बाबतींत कायदा तुम्हाला 'कलाकार' मानत नाही. तेव्हा पडद्यावर शेवटी पळणाऱ्या नावांत आपलं नाव मागणं ही हौस नाही. तो पुरावा आहे.

हे सगळं अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना दोन उदाहरणं सांगतो. २०२३ मध्ये हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर गेले आणि डिजिटल नकलेसाठी संमती आणि मोबदला करारात लिहून घेऊनच परतले. आणि २०२४ च्या 'लाल सलाम'मध्ये ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, ते कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. तंत्रज्ञान तेच. आधी विचारलं, एवढाच फरक.

आपल्या डबिंगच्या पोरांमागे एवढी ताकदीची संघटना नाही, हे मला माहीत आहे. मित्राने ती ओळ खोडायची विनंती मेलवर पाठवली. "कळवतो," असं उत्तर आलंय. त्याच्या घराचं भाडं मात्र पाच तारखेलाच द्यावं लागतं.

तुमच्याकडे असा करार आला असेल, तर कंपनीचं नाव, तुमचं नाव, रक्कम झाकून फक्त ते कलम मला पाठवा. फोटो चालेल. पुढच्या भागात तीच कलमं घेऊन बसू, एकेक ओळ मराठीत.