फेरे आणि ओढ



सुवर्णमहोत्सवात नाट्यप्रवेश आणि कवितावाचन झाल्यावर होडीच्या एंजिनाविषयी ऐकण्याची पाळी मी आपणांवर आणली आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. आपल्या के. आर. पुरमला समुद्र नाही. आहे ते वेंगय्यनकेरे तळे. परंतु आपल्यापैकी कित्येकांची मुळे खाडीकाठी आहेत, म्हणून हा विषय अगदीच परका वाटू नये.

होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे एंजिन, म्हणजे आउटबोर्ड, घरोघर पोहोचविले ते ओले एव्हिनरूड यांनी. नॉर्वेत जन्मलेले हे गृहस्थ बालपणीच अमेरिकेत गेले. तेही परमुलखात रुजलेले. १९०९ साली त्यांनी विक्रीस आणलेले एंजिन दीड अश्वशक्तीचे, मिनिटास सुमारे १,००० फेरे घेणारे होते. पुढील पन्नास वर्षांत शर्यतीची एंजिने त्याच्या पाच-सहा पट वेगाने फिरू लागली. १९५८ साली ह्यूबर्ट एन्ट्रॉप यांनी मर्क्युरीच्या सहा सिलिंडरच्या एंजिनावर ताशी १०० मैलांची मर्यादा ओलांडली.

फेरे वाढविण्याचे कारण सोपे आहे. शक्ती म्हणजे पिळाचा जोर गुणिले फेरे. १० अश्वशक्ती २,५०० फेऱ्यांवर हवी असेल, तर ५,००० फेऱ्यांपेक्षा दुप्पट जोर लागतो. आपल्या येथील लोको शेडने सांभाळलेल्या डब्ल्यूडीएम-२ एंजिनांची २,६०० अश्वशक्ती १,००० फेऱ्यांवर मिळे. पण त्यासाठी सोळा प्रचंड सिलिंडर लागत. होडीवर एवढे वजन कसे लादणार? म्हणून एंजिन लहान ठेवून ते वेगाने फिरवावयाचे.

या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. फेरे दुप्पट झाले की दट्ट्याच्या दांड्यावरील ताण चौपट होतो. शिवाय अशा एंजिनाच्या सिलिंडरातील झरोके वेगासाठीच कोरलेले असतात. फेरे उतरले की ताज्या वायूचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो, प्लगवर तेल साचते आणि एंजिन गुदमरते.

हे मी पुस्तकात नव्हे, तर बाणकोटच्या खाडीत शिकलो. १९८० च्या मे महिन्यात मी मुंबईहून शर्यतीचे एक जुने एंजिन विकत आणून वडिलांच्या होडीला बसविले. एकटा बसलो, तेव्हा होडी पाण्यावरून अक्षरशः उडाली. दुसऱ्या दिवशी घरची सहा माणसे आणि तांदळाची दोन पोती घेऊन बागमांडल्याला निघालो. ओहोटी लागली होती. मूठ पूर्ण पिळली, तरी एंजिन नुसते घरघरत राहिले, आणि खाडीच्या मध्यावर बंद पडले. पाणी आम्हांला मुखाकडे, वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या लाटांकडे ओढू लागले. माझी आई एक शब्दही बोलली नाही. तिने धाकट्या बहिणीला फक्त पोटाशी धरले. वडिलांनी आणि आमच्या वृद्ध तांडेलमामांनी वल्ही हाती घेतली, तेव्हा कोठे आम्ही काठाला लागलो.

मामा रागावले नाहीत. पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवून एवढेच म्हणाले, “बाळा, ह्याला धावता येतं, ओढता येत नाही.”

त्यांचे निदान अचूक होते. शर्यतीच्या पंख्याची पाती अशी तिरपी असतात, की एका फेऱ्यात तो पाण्यातून पुष्कळ पुढे सरकावा. समजा हे अंतर ३० सेंटिमीटर आहे. दातेरी चाकांमुळे एंजिनाच्या ५,००० फेऱ्यांना पंखा २,५०० वेळा फिरला, तर हिशेबाने ताशी ४५ किलोमीटर वेग येतो. पाण्यातील घसर वजा जाता थोडा कमी. हलक्या होडीला हे जमते. जड होडी तेवढी धावूच शकत नाही, म्हणून एंजिनाचे फेरे दबतात आणि फेऱ्यांबरोबर शक्तीही जाते. पुढे आम्ही कमी तिरप्या पात्यांचा पंखा बसविला. वेग उतरला, परंतु भरल्या होडीतही एंजिन आपल्या फेऱ्यांवर चढू लागले.

म्हणून जुने एंजिन कोणी दाखविले, तर त्याची गर्जना ऐकून भुलू नका. ते कोणत्या होडीसाठी घडविले होते आणि त्याला कोणता पंखा आहे, हे आधी विचारा. आणि वल्ही घेतल्यावाचून काठ सोडू नका.

ते एंजिन आजही माझ्या घरी आहे. मुले विकावयास सांगतात. मी ते ठेवले आहे, ते आईचा त्या दिवशीचा चेहरा विसरू नये म्हणून.