मनातले बोलायला एक दार हवे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अनारशांविषयी बोला म्हटले असते तर मी आनंदाने उभी राहिले असते. पण कार्यवाह बाईंनी सांगितले, "मोबाईलवरून तुम्ही जो मनाचा सल्ला घेतलात, त्याविषयी बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा जे स्वतः अनुभवले आणि जे चौकशी करून खात्रीचे कळले, तेवढेच सांगते.

२०२३ च्या श्रावणात ह्यांच्या कारखान्याला टाळे लागले. त्याच वर्षी दिवाळीनंतर थोरली लग्न होऊन सासरी गेली. मला रोज रात्री तीनला जाग येऊ लागली. छातीत धडधडे, तळहातांना घाम सुटे, घशात घास अडकल्यासारखे होई. डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली, रक्त तपासले. सगळे ठीक निघाले. "हृदयाला काही नाही, मनावर ताण आहे," असे ते म्हणाले. शेजारच्या वहिनींनी मायेने दृष्ट काढली. मीठमोहऱ्या पुष्कळ तडतडल्या, पण तीनची जाग काही चुकेना.

मग धाकटीने मोबाईलवरून समुपदेशन करणाऱ्या एक बाई शोधून दिल्या. त्या आपल्या गावी, मी माझ्या घरी. पडद्यावर एकमेकींचे तोंड दिसे. आठवड्यातून एकदा पाऊण तास बोलणे. त्यांनी मला उपदेश केला नाही की 'सगळे चांगले होईल' असेही म्हटले नाही. त्यांनी विचारले, "तीन वाजता नेमके काय मनात येते?" मी म्हटले, "घराचा हप्ता आणि धाकटीची फी." त्या म्हणाल्या, "मग ही काळजी रात्री करायची नाही. तिला संध्याकाळी पाचची वेळ द्या." दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी दोन रकाने पाडले. एकात माझ्या हातातले, दुसऱ्यात माझ्या हातात नसलेले. पंधरा मिनिटे लिहायचे आणि वही मिटायची. धडधड सुरू झाली की श्वास सावकाश सोडायचा, घेतला त्याहून लांब. हप्त्याचा विषय पहिल्या रकान्यात आला, म्हणून एका संध्याकाळी मी ह्यांच्यापाशी तो काढला. ह्यांनाही झोप नव्हती, हे मला त्या दिवशी कळले.

अशा सहा बैठका झाल्या. संकट काही पळाले नाही; हे आजही पूर्वीपेक्षा कमी पगारावर काम करतात. पण मला झोप लागते, आणि जाग आली तरी भीती वाटत नाही.

आता उपयोगाची माहिती. ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांच्यासाठी सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. आधी समुपदेशक ऐकून घेतात. गरज असली तर मनोविकारतज्ज्ञाकडे जोडून देतात किंवा जवळच्या रुग्णालयाची वाट दाखवतात. साधा फोनही त्याला पुरतो. पैसे देऊन सल्ला घ्यायचा असेल तर समोरच्या व्यक्तीचे शिक्षण काय, अनुभव किती, फी किती, हे आधी विचारावे. त्यात संकोच नको. औषध लिहून देणे हे डॉक्टरचे काम, समुपदेशकाचे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. आणि कोणी जीव नकोसा झाला असे बोलू लागली, तर तिला एकटी सोडू नये. लगेच १४४१६ वर, आणि जिवावर बेतले असेल तर ११२ वर फोन करावा.

काही जणी म्हणतील, घरातली गोष्ट परक्याला कशी सांगायची? भगिनींनो, नळावर सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार घरी पोचते, हे आपण सगळ्या जाणतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र उपचार करणाऱ्यांवर गुप्तता पाळण्याचे बंधन घातले आहे. कोणाच्या जिवाला धोका असेल अशा मोजक्या प्रसंगीच ते सैल होते. आणि हे वेडाचे उपचार आहेत, असेही कोणी समजू नये. कंबर धरली तर आपण शेक घेतो, तसेच हे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली. म्हणजे मनाविषयी मराठीत मोकळेपणी बोलणे काही कालपरवाचे नाही.

पण खरी अडचण मला निराळीच दिसली. फोन आज घरोघरी आहे, दार नाही. आमच्या दोन खोल्या. एकीत हे, दुसरीत सासूबाई. मी पापड वाळत घालण्याच्या निमित्ताने गच्चीवर जाऊन टाकीच्या सावलीत बोलत असे. तिसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे काढायला आल्या आणि मी वाक्य अर्धवट सोडले. ते वाक्य पुढे दोन आठवडे माझ्या तोंडून निघाले नाही. त्या बाईंचा त्यात काहीच दोष नव्हता. पण ज्या बाईला असे अर्धे वाक्य पुरे करायला जागाच मिळत नसेल, तिने काय करावे?

म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवते. आपली शिवणवर्गाची खोली मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार रिकामी असते. ती बोलायला जागा हवी असलेल्या बाईला द्यावी. वहीत नाव लिहायला लावू नये, कशाला आलीस हे विचारू नये. किल्ली खिळ्याला असावी, आत एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या असावा. बाहेर बसणारीने मशीन चालू ठेवावे, म्हणजे आतले बोलणे बाहेर येणार नाही. मंगळवारी बाहेर बसायला मी तयार आहे. शुक्रवारसाठी एकीने नाव द्यावे.