भाड्याची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत मुंबईच्या फ्लॅटचा विषय कशाला, असे कुणी विचारील. विषय आपलाच आहे. कोरडवाहू रानात दोन भावांचे भागत नाही, म्हणून धाकटा घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीची वाट धरतो. पाच-दहा वर्षे भाड्याच्या खोलीत काढतो. मग एक दिवस गावी निरोप येतो : भाडे भरता भरता घर आपले होणार आहे, सुरुवातीला तीन लाख लागतात, एकरभर काढा. म्हणजे सौदा उपनगरात आणि खरेदीखत आपल्या तालुक्याला! म्हणून त्याचा हिशेब इथेच मांडला पाहिजे.

भाड्यातून मालकी ही कल्पना वाईट नाही, आणि नवीही नाही. 1948च्या कायद्याने मुंबईत गृहनिर्माण मंडळ झाले. त्याने घाटकोपरला पंतनगर, विक्रोळीला कन्नमवार नगर अशा वसाहती उभ्या केल्या. आपल्याकडे विदर्भ गृहनिर्माण मंडळ होते. 1977 साली ही मंडळे म्हाडात आली. घरकर्ज आजच्यासारखे मिळत नव्हते त्या काळात कामगार तिथे भाडेकरू म्हणून राहिले. पुढे त्यांच्या सहकारी संस्था झाल्या आणि भाडेकरूंचे मालक झाले. 'भाडे-खरेदी' हा शब्दही सरकारी गृहनिर्माणाच्या कागदांवरचाच. पण तिथे घर देणारे सरकारी मंडळ होते. ते कर्जात बुडून पळून जाणार नव्हते. आज समोर असतो तो हप्ते थकलेला एखादा फ्लॅटमालक किंवा घरे न खपलेला बिल्डर. हा फरक ध्यानात ठेवा.

आता हिशेब. धरून चालू, फ्लॅटची किंमत 60 लाख. सुरुवातीला 3 लाख. महिना 30 हजार, त्यात 20 हजार भाडे आणि 10 हजार किमतीपोटी. मुदत 3 वर्षे. मुदत संपली तेव्हा किमतीपोटी जमा झाले 6 लाख 60 हजार. बाकी राहिले 53 लाख 40 हजार. बँक एवढ्या किमतीच्या घराला साधारण 80 टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे 48 लाख. वरचे 5 लाख 40 हजार कुठून आणणार? मुद्रांक शुल्क मुंबई उपनगरात 6 टक्के, म्हणजे 3 लाख 60 हजार. एकट्या बाईच्या नावे खरेदी असेल तर 1 टक्का सवलत. नोंदणीचे 30 हजार वेगळे. आणि 48 लाखांचा 9 टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता बसतो महिना 43 हजार. आज 30 हजार भरताना ज्याची दमछाक होते, तो तीन वर्षांनी 43 हजार भरणार का? हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा. हप्ता झेपला नाही तर बहुतेक करारांत जमा रक्कम बुडते. तिकडे घर गेले, इकडे एकर गेला.

दुसरी गोष्ट कागदाची. आपल्याला इसारपावती माहीत आहे. इसार दिला म्हणून जमीन नावावर होत नाही. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही तेच आहे : विक्रीच्या नुसत्या कराराने मालकी मिळत नाही. आणि साध्या लिव्ह अँड लायसन्स करारावर तर केवळ राहण्याची परवानगी मिळते. 'तीन वर्षांनी विकीन' हे तोंडी बोलणे म्हणजे सावकाराच्या 'पैसे दे, जमीन परत करतो' यासारखेच. त्या तोंडी शब्दावर खरेदीखते करून देऊन किती जमिनी गेल्या, हे इथे सांगायला नको. त्या सोडवायला 2014चा सावकारी कायदा करावा लागला.

तिसरी गोष्ट बोजाची. सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचे कर्ज दिसते, म्हणून आपण सौद्याआधी उतारा काढतो. फ्लॅटचा असा उतारा नसतो. तिथे सूची क्रमांक 2, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र आणि मालकाच्या कर्जखात्याचा ताजा उतारा मागायचा. तुमचा पोरगा वेळेवर भाडे देईल आणि मालक बँकेचा हप्ता चुकवील, तर 2002च्या सरफेसी कायद्याने बँक घराचा ताबा घेईल. पोराच्या पावत्या बँक विचारणार नाही. म्हणून बँकेची लेखी संमती घ्यावी आणि पैसे थेट कर्जखात्यात भरावेत.

विकणाऱ्याचीही बाजू आहे. तोही अडलेलाच असतो. नोकरी सुटली, हप्ता थकला, घाईत विकले तर भाव पडतो. बोंड फुटल्याबरोबर व्यापाऱ्याच्या दारात कापूस न्यावा लागतो, तसेच हे. त्याला महिना पैसे आणि ठरलेला भाव मिळाला तर तो सावरतो. पण ताबा देऊन विक्रीचा करार केला की मुद्रांक शुल्क खरेदीखतासारखे लागते, आणि खरेदीदाराने पैसे थकवले तर त्याला बाहेर काढणे साध्या भाडेकरूइतके सोपे राहत नाही. तेव्हा दोघांच्या भल्यासाठी कागद पक्का हवा.

म्हणून पाच गोष्टी पदराला बांधा. एक, विक्रीचा करार लेखी आणि नोंदणीकृत. दोन, किंमत आजच आकड्यात लिहिलेली, भाडे किती आणि किमतीपोटी किती हे वेगळे. तीन, सौदा मोडला तर किती परत, किती दिवसांत. चार, बँक आणि सोसायटी यांची लेखी संमती. पाच, नव्या इमारतीत बिल्डर असेल तर महारेराची नोंदणी पाहावी. नोंदणीकृत कराराशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. आणि मुदत टळली तर नुसती वाट पाहत बसू नका, कोर्टात जाण्याची मुदत 3 वर्षांची आहे.

पोराने शहरात घर करू नये, असे आम्ही म्हणत नाही. जरूर करावे. पण ज्या एकराच्या जिवावर घर होणार आहे, त्या एकराचा कागद आपण जितका बारकाईने वाचतो, तितकाच तो करारही वाचावा. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे असा करार आलेला आहे, त्यांनी त्याची प्रत आणावी. सही करण्याआधी आणावी. आपण मिळून वाचू.