जाळं सगळ्यांचं, थैली कुणाची?

(काला अंब, पानिपत येथे संक्रांतीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'विकेंद्रित समाजमाध्यमं' असा छापलाय. मास्टोडॉन, ब्लूस्काय वगैरे. एक मालक नाही, अनेक सर्व्हर, ते एकमेकांशी बोलतात, तुमचं खातं त्यातल्या कुठल्याही सर्व्हरवर असू शकतं. हे तुमच्या नातवंडांना पाठ आहे, तेव्हा पुढे जातो. (हशा)

माझं म्हणणं एवढंच की, जाळं विकेंद्रित आहे की नाही हे त्याच्या रचनेवरून कळत नाही. त्यातला पैसा किती हातांतून येतो, ते बघावं लागतं. आणि हे सांगायला काला अंबसारखी दुसरी जागा नाही.

इथे १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत मराठ्यांचं काय झालं ते मी सांगायला नको. स्वतःला त्या मराठ्यांचे वंशज मानणारे रोड मराठा बांधव समोर बसलेत, तेच मला चार गोष्टी सांगतील. मी फक्त खतावणीकडे बघतो. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले. प्रत्येकाचा मुलूख वेगळा, फौज वेगळी. आजच्या पोरांच्या भाषेत प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा! पण या मोहिमेचा पैसा? पुण्याचा खजिना, सावकारांचं कर्ज आणि गोविंदपंत बुंदेल्यांची वसुली, यापलीकडे फारसं काही नाही. ऑगस्ट १७६० मध्ये मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, तर दिवाण-ई-खासच्या छताची चांदी उतरवून रुपये पाडायची वेळ आली. ते जेमतेम महिनाभर पुरले. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, रसदेचा दोर तुटला. त्याच डिसेंबरात तिकडे पैठणजवळ नानासाहेब पेशव्यांचं लग्न लागत होतं, आणि वधू होती सावकाराची लेक. (हशा) हसा, पण कर्जाचा डोंगर किती होता तेही ध्यानात घ्या.

आता एक गंमत सांगतो. सांगणार नव्हतो, पण राहवत नाही. पराभवाची बातमी पेशव्यांना कशी कळली? त्यांचे स्वतःचे जासूद, हरकारे, सगळी सरकारी यंत्रणा होती. तरी २४ जानेवारीला भेलशाजवळ त्यांच्या हाती पडलं ते एका सावकाराचं पत्र. दक्षिणेत कुणा पेढीला चाललेलं, वाटेत अडवून फोडलेलं. आणि पत्रात लढाई नाहीच! मोत्यांचा, मोहरांचा, खुर्द्याचा हिशेब. मोती म्हणजे पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आणि भाऊ, हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. आज तुम्ही एन्क्रिप्शन म्हणता ना, ते पेढीवरच्या कारकुनाला येत होतं. आणि दुसऱ्याचे संदेश सरकारने उघडून वाचणं, तेही जुनंच! (मोठा हशा)

पण मुद्दा वेगळा आहे. सावकारी पेढ्यांचं, हुंडीचं हे जाळं चाललं कशावर? काशीची पेढी, औरंगाबादची पेढी, पुण्याची पेढी; कुणी कुणाचा नोकर नाही. प्रत्येकाचं भांडवल आपापलं, पत आपापली. एक बुडाली तर तिच्याशी व्यवहार असलेल्यांना झळ लागे, पण सगळ्यांची थैली एकाच हाती नव्हती. म्हणून इथे सैन्य कोसळलं तरी ते जाळं दहा दिवसांत बातमी पोचवत होतं.

मागून कुणीतरी म्हणतंय, कर्ज वेगळं, भांडवल वेगळं. आपण सीए दिसता. (हशा) मान्य! सावकार व्याजावर थांबतो. जोखमीचं भांडवल घालणारा थांबत नाही. त्याचा फंड साधारण दहा वर्षांचा. तेवढ्यात कंपनी विकली गेली पाहिजे किंवा शेअर बाजारात गेली पाहिजे, तीही अनेक पटींनी. माझं म्हणणं यानं पडत नाही साहेब, उलट घट्ट होतं.

आपलं 'कू' हे समाजमाध्यम घ्या. २०२० मध्ये सुरू झालं, मराठीतही होतं. ते विकेंद्रित नव्हतं, हे मान्य. मे २०२१ मध्ये टायगर ग्लोबल या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने ३ कोटी डॉलर आले. नायजेरिया, ब्राझील, सगळीकडे धाव. मग पैशाचा ओघ आटला, विक्रीची बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये टाळं. मंडळ बंद पडतं तेव्हा खुर्च्या तरी शेजारच्या मंडळाला देता येतात. इथे खातं उचलून दुसरीकडे न्यायची रचनाच नव्हती.

चिठ्ठी आली आहे. दिल्लीची बस, धुकं... कळलं. दहा मिनिटं होती ना? पाच? बरं.

मग ब्लूस्काय. रचना उत्तम, खातं हलवता येईल अशी मुद्दाम केलेली. पण २०२३ मध्ये ८० लाख डॉलर घेतले, २०२४ मध्ये दीड कोटी, आणि पुढाकार ब्लॉकचेन कॅपिटलचा. नावातच धंदा आहे. आम्ही ब्लूस्कायला क्रिप्टोच्या मागे नेणार नाही, असं कंपनीने सांगितलं. मी विश्वास ठेवतो. पण बहुतेक लोकांची खाती आज कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, आणि गुंतवणूकदाराला परतावा कधीतरी द्यावाच लागेल. मास्टोडॉनचा संस्थापक ऑयगन रोखको याने पाचाहून अधिक गुंतवणूकदारांना परत पाठवलं. ते लोकांच्या देणग्यांवर चालतं. २०१९ मध्ये दिल्लीतले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा आपल्याकडचे कितीतरी लोक तावातावाने मास्टोडॉनवर गेले. बहुतेक परतले. सर्व्हरचं भाडं कोण भरतं, हे त्यातल्या किती जणांनी विचारलं?

हो, हो, उठतोच आहे. प्रश्नांना वेळ नाही, बसमध्ये विचारा. गणपतीची वर्गणी आपण बिनबोभाट देतो, वाचनालयाचीही देतो. ज्या सर्व्हरवर तुमचं खातं असेल, त्याचा खर्च कोण करतं ते आज रात्री शोधा. तो तुमच्यासारख्यांच्या देणग्यांवर चालत असेल, तर यंदाची वर्गणी भरून टाका.