इंग्रजी उताऱ्याचा अन्वय

विद्यापीठाच्या दारांत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास सर्वांत अधिक भीति कोणत्या विषयाची वाटते, असा प्रश्न नगर जिल्ह्यांतील कोणत्याहि गांवच्या पालकास विचारला, तर बहुधा एकच उत्तर मिळेल: इंग्रजीची. जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें. ही भीति मात्र जुनीच राहिली आहे. गणितांत मागें पडलेला मुलगा शिकवणी लावतो. शास्त्र विषयांत कच्ची असलेली मुलगी वही पुन्हां पुन्हां चाळून कांहीं वाट काढते. पण समोर अपरिचित इंग्रजी उतारा आला, म्हणजे दोघांचेंहि धैर्य सुटतें. या भयाचें मूळ कोठें आहे आणि त्यावर उपाय कोणता, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्यें घेण्यांत आली. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें जन्मलेले महादेव गोविंद रानडे हे त्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यांपैकीं एक होत. त्यानंतर सुमारें नव्वद वर्षें मॅट्रिक हेंच विद्यापीठाचें महाद्वार होतें, आणि त्या द्वारावर इंग्रजीचा पहारा असे. नगर शहरांत अमेरिकन मराठी मिशनचें कार्य १८३१ पासून सुरू झालें व शाळाहि लवकर निघाल्या. परंतु अहमदनगर कॉलेज निघण्यास १९४७ साल उजाडावें लागलें. तोंवर मॅट्रिक झालेल्या मुलास पुढील शिक्षणासाठीं बहुधा पुण्यामुंबईचीच वाट धरावी लागे. १९४९ मध्यें पुणें विद्यापीठ सुरू झालें; २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. मॅट्रिकची जागा आतां बारावीच्या परीक्षेनें घेतली आहे. तींत इंग्रजीच्या लेखी परीक्षेस ८० आणि तोंडी परीक्षेस २० गुण असतात. शिवाय २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेशपरीक्षा सुरू झाली असून, तींत इंग्रजी भाषा घेणाऱ्यास उतारा वाचून दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावें लागतें. द्वारें बदललीं, पहारा तोच राहिला.

हा पहारा सर्वांना सारखाच कडक वाटत नाहीं. शहरांतील सुशिक्षित घरांत इंग्रजी वर्तमानपत्र येतें, वडील माणसांच्या बोलण्यांत इंग्रजी शब्द असतात, आणि मुलाच्या कानांवर ती भाषा न शिकवितां पडत असते. पाथर्डी किंवा शेवगांवकडील कित्येक घरांतून आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठीं घर सोडतात व मुलें आजीआजोबांपाशीं राहून शिकतात. अशा घरांतील विद्यार्थ्यास इंग्रजी भेटतें तें केवळ क्रमिक पुस्तकांत. इंग्रजी उताऱ्याच्या पांचदहा गुणांनीं त्याचा प्रवेश हुकला, तर पुन्हां प्रयत्न करण्याइतका अवकाश आणि पैसा त्या घरीं असेलच असें नाहीं. म्हणून उतारा वाचावा कसा हें त्यास नीट शिकविणें, ही केवळ अभ्यासक्रमाची बाब नसून न्यायाची बाब आहे.

यावर सर्वत्र चालणारा उपाय म्हणजे पाठांतर. व्याकरणाचे नियम घोकावयाचे, बाजारांतील मार्गदर्शिकेंतून तयार उत्तरें उतरून घ्यावयाचीं, आणि मागील वर्षांचे प्रश्न पुन्हां पुन्हां सोडवावयाचे. या श्रमांचें कांहींच फळ मिळत नाहीं असें नाहीं. परंतु परीक्षेंतील अपरिचित उतारा दर वेळीं नवा असतो, आणि नव्या उताऱ्यापुढें घोकलेलें उत्तर टिकत नाहीं. कर्मणि प्रयोगाची व्याख्या बिनचूक सांगणारा विद्यार्थी उताऱ्यांतील एखाद्या लांब वाक्याचा कर्ता कोण हें सांगूं शकत नाहीं, असा अनुभव शिक्षकांस नेहमीं येतो. नियम त्याला ठाऊक असतो. नियम कशासाठीं आहे हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें.

वास्तविक दुसऱ्या भाषेंतील वचन उलगडून सांगण्याची कला या जिल्ह्यास नवी नाहीं. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० मध्यें, प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली. संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांस संस्कृत ग्रंथाचा अर्थ त्यांच्याच भाषेंत पोंचविणें, हें तें कार्य होतें. जुन्या टीकाकारांची व्याख्यानपद्धतिहि ठरलेली असे. प्रथम पदें सुटीं करावयाचीं, मग प्रत्येक पदाचा अर्थ सांगावयाचा, समास सोडवावयाचे, पदांचा परस्परसंबंध जुळवावयाचा आणि शेवटीं शंका काढून तिचें निरसन करावयाचें. श्लोकांतील शब्द कोणत्याहि क्रमानें आलेले असोत. क्रियापद कोणतें, तें करणारा कोण, कोणास, केव्हां, कशासाठीं, असें विचारीत गेलें कीं अन्वय लागतो आणि अन्वयामागून अर्थ येतो. शाळांतून वाक्यपृथक्करण या नांवानें शिकविला जाणारा अभ्यास याच जातीचा आहे. ज्यांचें महाराष्ट्र भाषेचें व्याकरण १८३६ मध्यें प्रसिद्ध झालें, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढें याच नगरास डेप्युटी कलेक्टर होते. स्वभाषेचें व्याकरण ज्यास कळलें, त्यास परभाषेचें व्याकरण निम्म्या श्रमांत कळतें. आणि आपल्या मुलांजवळ हें भांडवल असतें, पण तें इंग्रजीच्या तासास वापरावयाचें असतें हें त्यांस कोणी सांगत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. ‘द फार्मर हू हॅड सोल्ड हिज बुलक्स टू पे हिज डेट्स रिफ्यूज्ड टू सेल हिज लँड.’ यांतील ‘डेट्स’ म्हणजे कर्जें. प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असलेला विद्यार्थीहि येथें अडखळतो; कारण ‘रिफ्यूज्ड’ या शब्दाच्या अगदीं शेजारीं कर्जें बसलीं आहेत, आणि शेतकरी दूर राहिला आहे. मराठीचा स्वभाव क्रियापद शेवटीं ठेवण्याचा. इंग्रजीचा स्वभाव तें कर्त्यामागून लगेच आणण्याचा. परंतु मध्येंच एखादें उपवाक्य शिरलें, कीं त्या दोघांची ताटातूट होते. अशा वेळीं प्रथम विचारावें, नकार कोणीं दिला? शेतकऱ्यानें. कशास? जमीन विकण्यास. मग उरलेला भाग त्या शेतकऱ्याचें वर्णन म्हणून आपोआप वेगळा पडतो. मराठींत आपण म्हणूं, ‘ज्या शेतकऱ्यानें कर्ज फेडण्यासाठीं बैल विकले होते, त्यानें जमीन विकण्यास नकार दिला.’ आपल्या ‘जो’ आणि ‘तो’ या जोडीचें काम इंग्रजींत एकटा ‘हू’ करतो, आणि नामाच्या मागून येऊन करतो. एवढें एकदां ध्यानांत आलें, म्हणजे लांब वाक्याची अर्धी भीति नाहींशी होते.

हाच प्रश्न व्याकरणाच्या चुकाहि टाळतो. ‘मुलीनें आंबा खाल्ला’ आणि ‘मुलीनें पोळी खाल्ली’ यांत आपलें क्रियापद कर्माप्रमाणें बदलतें. इंग्रजी क्रियापद कर्माकडे पाहत नाहीं. तें आपल्या कर्त्याकडेच पाहतें. म्हणून ‘द बास्केट ऑफ मँगोज’ या शब्दांपुढें ‘आर’ लिहावें कीं ‘इज’, असा संशय पडला, तर जड काय आहे तें विचारावें. वाक्याचा कर्ता टोपली आहे, आंबे नव्हेत, म्हणून ‘इज’. नियम पाठ नसला तरी अन्वय लावणाऱ्याचें उत्तर बरोबर येतें.

दुसरी अडचण लहान शब्दांची. मोठे शब्द कोशांत सांपडतात. लहान शब्द वाक्याचा सारा अर्थ फिरवितात. ‘देअर इज ए लिटल वॉटर इन द वेल’ म्हणजे विहिरींत थोडें पाणी आहे, काम भागेल. यांतील ‘ए’ काढला, कीं अर्थ होतो, पाणी थोडेंच आहे, नसल्यासारखेंच. पर्जन्यछायेंतील या जिल्ह्यांत ‘थोडें’ आणि ‘थोडेंच’ यांतील अंतर कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. आपण जें काम ‘च’ या एका अक्षरानें करतों, तें इंग्रजी येथें ‘ए’ ठेवून किंवा गाळून करतें. तसेंच ‘अनलेस’ या शब्दाच्या पोटांत ‘नाहीं’ लपलेलें असतें. आणि ‘हार्डली’ याचा ‘कठीण’ याशीं संबंध नसून त्याचा अर्थ जवळजवळ नकारार्थी आहे. हे शब्द वाचतांना पेन्सिलीनें अधोरेखित करण्याची संवय लावावी.

तिसरी गोष्ट दुसऱ्याचें बोलणें सांगण्याची. मराठींत ‘राम म्हणाला कीं मी उद्यां येतों’ असें आपण सहज म्हणतों, आणि ‘मी’ म्हणजे राम हें सर्वांस कळतें. इंग्रजींत ‘दॅट’ आल्यावर तोच ‘मी’ ठेवला, तर येणारा मनुष्य राम राहत नाहीं, बोलणारा होतो. म्हणून तेथें ‘राम सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे’ असें म्हणावें लागतें. रूपांतराचा हा नियम विद्यार्थ्यास जाचक वाटतो. परंतु तो न पाळल्यास कोण येणार हेंच बदलतें, असें दाखवून दिलें, म्हणजे नियम घोकण्याची गरज फारशी राहत नाहीं.

शब्दांचे अर्थहि संदर्भावरून ओळखावयाचे असतात. ‘यील्ड’ म्हणजे पीक किंवा उत्पन्न, असें शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक असतें. पण ‘द ओल्ड बंड डिड नॉट यील्ड टू द फ्लड’ या वाक्यांत जुन्या बांधानें पीक दिलें नाहीं असा अर्थ लावला, तर पुराचें कारणच उरत नाहीं. बांध पुरापुढें नमला नाहीं, हा अर्थ शेजारचे शब्दच सांगतात. अपरिचित शब्द दिसतांच थांबूं नये. वाक्य पुरें करावें, पुढील वाक्य वाचावें, आणि मग मागें वळून पाहावें.

प्रश्नांचीं उत्तरें देतांना आणखी एक पथ्य पाळावें. उताऱ्यांत काय सांगितलें आहे आणि आपल्याला काय ठाऊक आहे, यांची गल्लत करूं नये. पर्यायांमध्यें एखादें विधान जगाच्या दृष्टीनें खरें असतें, पण उताऱ्यांत त्याचा मागमूसहि नसतो. घाईनें वाचणारा नेमका तेथेंच फसतो. म्हणून प्रत्येक उत्तरासाठीं उताऱ्यांतील वाक्यावर बोट ठेवतां आलें पाहिजे. ‘कां’ असा प्रश्न असेल, तर उत्तर एका वाक्यांत न मिळतां दोन वाक्यांच्या संबंधांत मिळतें. तेव्हां ‘बट’, ‘देअरफोर’, ‘दो’ असे सांधणारे शब्द आधीं शोधावे.

पालकांना यांत करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि त्यासाठीं त्यांना उत्तम इंग्रजी येण्याची आवश्यकता नाहीं. रोज रात्रीं पंधरा मिनिटें मुलानें एक इंग्रजी परिच्छेद वाचावा आणि त्याचा आशय आईला किंवा आजोबांना मराठींत सांगावा. ऐकणाऱ्यानें ‘मग कोण म्हणालें?’, ‘असें कां झालें?’ एवढेंच विचारावें. ज्या ठिकाणीं सांगणारा चांचरतो, त्या ठिकाणीं त्याचा अन्वय सुटलेला असतो. तेवढेंच वाक्य पुन्हां वाचून घ्यावें. घरांतील निरक्षर आजीहि अशा रीतीनें इंग्रजीची परीक्षक होऊं शकते.

अशा वाचनासाठीं पुस्तक शोधावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. १९४२ च्या ऑगस्टपासून नगरच्या भुईकोट किल्ल्यांत जे राष्ट्रीय पुढारी बंदिवासांत होते, त्यांत जवाहरलाल नेहरू होते. १९४४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या पांच महिन्यांत त्यांनीं त्याच किल्ल्यांत ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. नगरच्या मातीवर लिहिलेल्या त्या गद्यांतील एक परिच्छेद रोज घ्यावा आणि नेवाशाच्या रीतीनें त्याचा अन्वय लावावा. वर्षभर हा नेम चालला, तर परीक्षेच्या दिवशीं समोर येणारा उतारा नवा असेल. तो उलगडण्याची रीत मात्र विद्यार्थ्याच्या हातांत बसलेली असेल.